एसएमपीएस बदलला, तरी संगणक सुरू होईना?

जुना एसएमपीएस गेला म्हणून नवा आणला, चार स्क्रू पिळले, केबल जोडल्या, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. किंवा पंखे फिरू लागले, पण मॉनिटर काळाच राहिला. अशा वेळी बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघतं, ‘बोर्डपण गेला वाटतं!’ दुरुस्तीवालाही घाईत असेल तर हेच सांगून मोकळा होतो. माझं आग्रहाचं सांगणं असं, की हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा असतो. एसएमपीएस बदलताना आपला हात कॅबिनेटमधल्या जवळजवळ प्रत्येक जोडाला लागतो. त्यातला एखादा प्लग अर्धवट बसणं, भलत्याच ठिकाणी बसणं किंवा शेजारची रॅम धक्क्याने हलणं हे बोर्ड जळण्यापेक्षा कितीतरी सहज घडतं. म्हणून आधी संशय घ्यायचा तो आपण हात लावलेल्या जोडांवर, मग सुट्या भागांवर.

तपासणीचा क्रम वीजच ठरवून देते. भिंतीवरचं सॉकेट, एसएमपीएस, मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम, ग्राफिक्स कार्ड, शेवटी डिस्क. याच वाटेने पुढे जायचं, एकही टप्पा गाळायचा नाही आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक सुरू झाला, तर नेमका दोष कुठे होता ते कळत नाही आणि तो पुन्हा डोकं वर काढतो.

हात घालण्यापूर्वी

पॉवर कॉर्ड सॉकेटमधून काढा आणि मग संगणकाचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. बोर्डवर साठलेली वीज त्यामुळे निघून जाते. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला हात लावून अंगातला स्थिर विद्युतभार उतरवा. जोडलेल्या प्रत्येक केबलचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

डिस्कमध्ये घरातले फोटो, हिशेब किंवा मुलांचे प्रकल्प असतील तर हार्ड डिस्क आणि एसएसडी यांना जाणारी पॉवर केबल सध्या काढून ठेवा. नव्या एसएमपीएसचे व्होल्टेज नीट आहेत याची खात्री पटली की मगच ती जोडा. बोर्ड नवा विकत मिळतो, फोटो मिळत नाहीत.

एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. आपल्याकडची २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून जास्त दाबाने साठते आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ तिथे राहू शकते. जळका वास, धूर किंवा तडतड जाणवली तर पुढची कोणतीही तपासणी न करता भिंतीवरचा स्विच बंद करा.

जुन्या केबल नव्या एसएमपीएसला लावू नका

तुमचा एसएमपीएस मॉड्युलर असेल, म्हणजे त्याच्या केबल दोन्ही टोकांनी सुट्या होत असतील, तर ही गोष्ट सगळ्यात आधी पाहा. जुन्या एसएमपीएसच्या केबल आत नीट बांधलेल्या होत्या म्हणून अनेकजण त्या तशाच ठेवतात आणि फक्त डबा बदलतात. बोर्डच्या आणि डिस्कच्या बाजूचं टोक सर्व कंपन्यांचं सारखं असतं, कारण ते प्रमाणित आहे. एसएमपीएसच्या बाजूच्या टोकाला मात्र असं कोणतंही प्रमाण नाही. कोणत्या पिनवर १२ व्होल्ट आणि कोणत्या पिनवर ५ व्होल्ट द्यायचे, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही फरक असू शकतो.

प्लग अगदी व्यवस्थित बसतो आणि डिस्कच्या ५ व्होल्टच्या पिनवर १२ व्होल्ट जातात. डिस्कचं सर्किट त्या क्षणी जळू शकतं. एसएमपीएस बदलल्यावर सगळ्या डिस्क एकाच वेळी दिसेनाशा झाल्या असतील, तर पहिला प्रश्न हाच विचारा, की केबल नव्या खोक्यातल्या आहेत की जुन्या? जुन्या असतील तर ताबडतोब काढा.

असाच दुसरा सापळा तयार ब्रँडेड संगणकांचा आहे. डेल, एचपी, लेनोवो यांच्या ऑफिससाठीच्या अनेक मॉडेलांमध्ये, विशेषतः छोट्या कॅबिनेटच्या, बोर्डला नेहमीचा २४ पिनचा प्लग नसतो. कुठे १४ पिन, कुठे १० किंवा ८ पिन असतात. वापरलेले असे संगणक आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर विकले जातात, त्यामुळे हा प्रश्न घरोघरी येतो. तिथे बाजारातला साधा एसएमपीएस जमत नाही. बोर्डचा मॉडेल क्रमांक दाखवून त्याचाच एसएमपीएस मागा.

सुरुवात भिंतीपासून

त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर किंवा टेबल लॅम्प लावून वीज येते का ते पाहा. मग यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला काढून संगणक थेट भिंतीवरच्या सॉकेटला जोडा. कॉर्ड एसएमपीएसमध्ये पूर्ण आत गेली आहे ना, तेही दाबून पाहा. नवी कॉर्ड कधी कधी घट्ट असते आणि अर्ध्यावरच अडते.

एसएमपीएसच्या मागे छोटा स्विच असतो. त्यावर उभी रेघ आणि शून्य अशी चिन्हं असतात. रेघेची बाजू दाबलेली असेल तर तो चालू असतो. काही साध्या किंवा जुन्या एसएमपीएसवर याशिवाय ११५ आणि २३० असे आकडे असलेला लाल सरकता स्विचही असतो. भारतात तो २३० वरच हवा. तो ११५ वर असताना इथली वीज दिली तर आतले कपॅसिटर मोठा आवाज करून फुटू शकतात. अमेरिकेतून परतताना जे डेस्कटॉप सोबत आणतात, त्यांनी मागचं लेबल आणि हा स्विच पाहिल्याशिवाय प्लग लावूच नये.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरातलं अर्थिंग तुटलं आहे किंवा मुळातच नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरची थोडी वीज एरवी अर्थिंगमधून जमिनीत जाते. तो मार्ग नसेल तर ती कॅबिनेटच्या पत्र्यावर येते. एसएमपीएस पुन्हा बदलून हे थांबणार नाही. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग दुरुस्त करून घ्या आणि तिसरी पिन तोडलेली कॉर्ड वापरू नका.

बटण दाबलं, काहीच हालचाल नाही

प्लग लावल्यावर बोर्डवर एखादा छोटा दिवा लागतो का ते आधी पाहा. पुष्कळ बोर्डांवर तो असतो. संगणक बंद असतानाही एसएमपीएस जांभळ्या तारेतून ५ व्होल्ट देत असतो. बटण दाबल्याचा इशारा बोर्डला कळतो तो याच विजेवर. दिवा लागला तर एसएमपीएस निदान जागा आहे असं समजा.

मग २४ पिनचा मोठा प्लग तपासा. तो २० आणि ४ पिनच्या दोन तुकड्यांचा असेल तर दोन्ही तुकडे एका पातळीत आणि क्लिप अडकेपर्यंत बसले पाहिजेत. नवा प्लग बसवताना बराच जोर लागतो, त्यामुळे तो अर्धवट राहण्याची शक्यता मोठी असते. बोर्ड वाकू नये म्हणून खालून बोटाचा आधार द्या.

प्लग नीट असेल तर कॅबिनेटच्या बटणाची बारीक वायर पाहा. बोर्डच्या कोपऱ्यात पॉवर स्विचच्या दोन पिनांवर ती बसवलेली असते आणि हात फिरताना सहज निघते. ती काढून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकवा. संगणक सुरू झाला तर दोष बटणात किंवा त्या वायरीत आहे. जागा नक्की करण्यासाठी बोर्डची पुस्तिका पाहा, अंदाजाने भलत्या पिना जोडू नका.

तरीही काही होत नसेल तर एसएमपीएस वेगळा तपासायचा. तो बंद करून, प्लग काढून, सर्व भागांपासून सोडवा. २४ पिनच्या प्लगमध्ये हिरवी तार एकच असते. ती आणि शेजारची कोणतीही काळी तार वाकवलेल्या पेपर क्लिपने जोडा, मग वीज द्या. पंखा फिरला तर एसएमपीएस सुरू होतो आहे. काही एसएमपीएसचा पंखा भार कमी असताना मुद्दामच थांबलेला असतो, त्यामुळे पंखा फिरला नाही एवढ्यावरून तो बाद ठरवू नका, व्होल्टेज मोजा. सगळ्या तारा काळ्या असतील तर कंपनीने दिलेली पिनांची आकृती हातात असल्याशिवाय हा प्रयोग करू नका.

मल्टिमीटरने मोजताना

साधा डिजिटल मल्टिमीटर यासाठी पुरतो. तो डीसीच्या २० व्होल्टच्या मापावर ठेवा आणि काळी पिन प्लगमधल्या कोणत्याही काळ्या तारेला टेकवा. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगी तारेवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळाले पाहिजेत. खरी परीक्षा भार असताना होते, म्हणून शक्य असेल तर प्लग बोर्डला लावलेला असताना मागच्या बाजूने, तारा आत जातात तिथून मोजा. दोन तारांना एकदम टेकणार नाही अशी काळजी घ्या.

करड्या तारेवरही एक मोजमाप घ्या. सगळे व्होल्टेज स्थिर झाले की एसएमपीएस या तारेवरून बोर्डला साधारण ५ व्होल्टचा इशारा देतो. तो आला नाही तर बोर्ड प्रोसेसरला सुरूच होऊ देत नाही. पंखे फिरत राहतात आणि मॉनिटर काळा राहतो. असा एसएमपीएस वॉरंटीत बदलून घ्यावा.

पंखा क्षणभर फिरतो आणि थांबतो

बटण दाबल्यावर पंख्याने एक झटका घेऊन थांबणं म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे, असं एसएमपीएसला वाटणं. नुकसान टळावं म्हणून तो स्वतःच बंद होतो. बोर्डखाली किंवा बोर्डवर पडलेला स्क्रू शोधा. कॅबिनेट हळूच तिरपं करून आवाज ऐका. सर्व यूएसबी उपकरणं काढा आणि समोरच्या यूएसबी पोर्टमधली पिन वाकून पत्र्याला टेकली आहे का ते टॉर्चने पाहा.

या लक्षणामागचं एक धोकादायक कारण वेगळं सांगायला हवं. प्रोसेसरला वीज देणारा ८ पिनचा प्लग आणि ग्राफिक्स कार्डचा ८ पिनचा प्लग दिसायला सारखे असतात, पण आतून वेगळे. प्रोसेसरचा प्लग चार आणि चार असा फुटतो, ग्राफिक्स कार्डचा सहा आणि दोन असा. प्रोसेसरच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या चार तारा असतात, ग्राफिक्सच्या प्लगमध्ये तीनच, आणि त्यांच्या जागाही उलट असतात. पिनांचे आकार वेगळे केलेले असल्याने चुकीचा प्लग सहज बसत नाही, पण जोर लावला तर बसतो आणि थेट शॉर्ट होतो. जोर लावावासा वाटला की थांबा आणि प्लगवरची अक्षरं वाचा.

पंखे फिरतात, पण चित्र येत नाही

सर्वाधिक तक्रारी या प्रकारच्या असतात आणि बहुतेकदा उपाय साधा असतो. प्रोसेसरजवळ, बोर्डच्या वरच्या कोपऱ्यात असलेला ४ किंवा ८ पिनचा प्लग लावायचा राहिला आहे का ते पाहा. तो राहिला तर पंखे, दिवे सगळं चालतं, पण प्रोसेसरला वीजच मिळत नाही.

त्यानंतर मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डलाच हवी, बोर्डला नव्हे. कार्डला स्वतंत्र पॉवर लागत असेल तर तिचे सगळे प्लग भरलेले हवेत. नव्या मोठ्या कार्डांवरचा १६ पिनचा प्लग पूर्ण आत जाऊन बसला पाहिजे आणि त्याची केबल प्लगला लागूनच वाकवलेली नसावी. अर्धवट बसलेला हा प्लग तापून वितळू शकतो.

मग रॅम. एसएमपीएस बाहेर काढताना जाड केबलचा धक्का रॅमला सहज लागतो. रॅम काढा, तिच्या सोनेरी पट्ट्या कोऱ्या, स्वच्छ खोडरबराने हलक्या पुसा, कण झटका आणि दोन्ही बाजूंनी ‘टक्’ आवाज होईपर्यंत बसवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत या पट्ट्यांवर थर चढतो, त्यामुळे एवढ्यानेही संगणक सुरू होतो. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहा.

अजूनही चित्र नसेल तर किमान भागांवर या. बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एक रॅम. डिस्क नाही, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, यूएसबी नाही. इथे एक खबरदारी घ्या. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ आहे त्यांच्यात ग्राफिक्स नसतं. रायझनच्या ७००० मालिकेपूर्वीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांपैकी साधारणपणे ‘जी’ असलेल्यांतच ते असतं. ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर असेल तर कार्ड काढल्यावर बोर्डवरून चित्र येणारच नाही. तेव्हा कार्ड राहू द्या. बोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे दिवे असतील तर ज्यावर प्रकाश अडकून राहतो तिथे दोष शोधा. बीप ऐकू येत असतील तर त्यांचा अर्थ बोर्डच्या पुस्तिकेतूनच लावा, प्रत्येक बायॉसची भाषा निराळी असते.

चित्र येतं, पण विंडोज येत नाही

संगणक बराच काळ विजेविना पडून राहिला आणि बोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल कमजोर असला, तर बायॉसमधल्या नोंदी पुसल्या जातात. तारीख जुनी दिसते, एफ-१ दाबायला सांगितलं जातं. सेल मोजून पाहा. तो २.७ व्होल्टच्या खाली गेला असेल तर बदला, मग तारीख आणि वेळ दुरुस्त करा. तारीख चुकीची राहिली तर संगणक चालतो, पण अनेक संकेतस्थळं सुरक्षेचा इशारा देऊन उघडत नाहीत.

बायॉसमध्ये डिस्कचं नाव दिसतं का ते पाहा. दिसत नसेल तर डिस्कच्या दोन्ही केबल तपासा. साटा डेटाची बारीक केबल निसटलेली असू शकते. नाव दिसत असेल तर बूटचा क्रम बघा आणि साटाची पद्धत पूर्वी एएचसीआय होती की रेड, ते आठवा. ती बदलली असेल तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं. योग्य पर्याय निवडला की ते पूर्वीसारखं सुरू होतं. या टप्प्यावर विंडोज पुन्हा टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर मान्य करू नका. बायॉसच्या नोंदी बदलल्यामुळे बिटलॉकरने ४८ अंकी की मागितली, तर ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळेल.

चालतो, पण मध्येच बंद पडतो

गेम किंवा व्हिडिओचं काम सुरू झालं की संगणक बंद पडत असेल, तर एसएमपीएसची ताकद तपासा. खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर विसंबू नका. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपियर लिहिले आहेत ते वाचा आणि त्याला १२ ने गुणा. नावाला ४५० वॅटचा असलेला एसएमपीएस १२ व्होल्टवर १८ अँपियर देत असेल, तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डसाठी हातात फक्त २१६ वॅट येतात. स्वस्त एसएमपीएसमधली फसगत बहुतेकदा इथेच असते.

वीज गेल्यावर यूपीएस असूनही संगणक बंद पडत असेल, तर दोन कारणं संभवतात. ६०० व्हीएच्या घरगुती यूपीएसची खरी क्षमता पुष्कळदा ३६० वॅटच्या आसपास असते, ती कमी पडत असेल. किंवा नवा एसएमपीएस ॲक्टिव्ह पीएफसी प्रकारचा आहे आणि साध्या यूपीएसची चौकोनी लहर त्याला मानवत नाही. तेव्हा शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस लावून पाहा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसली की एसएमपीएसच खराब, असं समजू नका. संगणक नीट बंद न होता थांबला, एवढंच ती सांगते. कारण प्रोसेसर तापणं हेही असू शकतं. काम करताना प्रोसेसरच्या पंख्याचा प्लग सुटला नाही ना, ते नक्की पाहा.

दुकानात जाण्यापूर्वी

इतकं करूनही संगणक सुरू झाला नाही, तर बोर्ड किंवा प्रोसेसरवर संशय घेणं योग्य आहे. जुना एसएमपीएस विजेच्या झटक्याने गेला असेल तर त्याने जाताना बोर्डलाही इजा केली असू शकते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा की तालुक्याच्या गावातल्या दुकानात, जाताना तुमच्या तपासणीच्या नोंदी कागदावर लिहून न्या: कोणत्या तारेवर किती व्होल्ट मिळाले, किमान भागांवर काय झालं, कोणता दिवा अडकला. ‘चालत नाही’ एवढंच सांगणाऱ्याला अंदाजाने उत्तर मिळतं. नोंदी पाहिल्यावर तंत्रज्ञ नेमक्या जागी हात घालतो. बोर्ड खराब आहे असं त्याने सांगितलं, तर दुसरा चालू एसएमपीएस आणि दुसरी रॅम लावून तुमच्यासमोर दाखवायची विनंती करा. त्यात त्याची पाच मिनिटं जातील, तुमचे काही हजार रुपये वाचू शकतात. काढलेला जुना भाग आणि नव्या एसएमपीएसचं बिल मात्र आठवणीने परत घ्या.